दाखला देणे हा उपचार नव्हे

मधली सुट्टी संपल्याची घंटा होते. वर्ग भरतो, पण आठवीतला एक मुलगा जागेवर नसतो. शिपाई शोधायला जातो, तेव्हा तो स्वच्छतागृहाच्या मागे सापडतो. हातात चुरगाळलेला रुमाल, त्याला पंक्चरच्या सोल्यूशनचा उग्र वास, डोळे लाल, बोलणे अडखळत. असा प्रसंग आज कोणत्याही शाळेत घडू शकतो. मग ती नागपूरच्या एखाद्या वस्तीतील महापालिकेची शाळा असो, नाहीतर काटोल-उमरेडकडील खासगी अनुदानित शाळा असो.

पुढे काय होते, तेही बहुधा ठरलेले असते. शिपाई ओरडतो, मुलगा पळतो, दोघे-तिघे त्याच्यामागे धावतात. पकडून आणल्यावर दोन थपडा बसतात. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्याला सर्वांसमोर उभे केले जाते, वडिलांना बोलावणे जाते आणि आठवड्याभरात शाळा सोडल्याचा दाखला हातात पडतो. 'एक सडका आंबा काढून टाकला, पेटी वाचली', असे शिक्षकांच्या खोलीत म्हटले जाते.

वैद्यकीय दृष्टीने पाहिले, तर यातील जवळजवळ प्रत्येक पाऊल चुकीचे आहे आणि एक पाऊल तर मुलाच्या जिवावर बेतणारे आहे. म्हणून आजचा लेख मुख्यतः शिक्षकांसाठी. पालकांनीही तो वाचावा, कारण शाळेने काय करावे हे पालकांना ठाऊक असेल तरच ते शाळेला साथ देऊ शकतील.

मुले काय घेतात?

'ड्रग्ज' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ब्राऊन शुगर, इंजेक्शन, मोठ्या शहरातील मोठ्या घरची मुले येतात. शाळकरी वयात सुरुवात बहुधा यातल्या कशानेच होत नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१३ मध्ये देशातील १३५ ठिकाणची एक पाहणी प्रसिद्ध केली. व्यसन करणाऱ्या चार हजारांहून अधिक मुलांशी त्यात बोलणे झाले होते. तंबाखू आणि हुंगण्याचे पदार्थ यांची सुरुवात सरासरी बारा वर्षांच्या थोडे पुढे झाल्याचे आढळले. गांजा आणि दारू त्यानंतर वर्षभराने आली. म्हणजे पहिली पायरी सहावी-सातवीतच चढली जाते आणि त्या वयात दिवसाचे पाच-सहा तास मूल शिक्षकांच्या नजरेसमोर असते.

आपल्या विदर्भात ही पहिली पायरी म्हणजे खर्रा. पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे हे मिश्रण इतके अंगवळणी पडले आहे की, त्याला व्यसन म्हणायलाही लोक तयार नसतात. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक ठरविली आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ त्वचा दोरीसारखी कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील तज्ज्ञांनी या विकाराच्या तब्बल एक हजार रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला, यावरून आपल्या भागात हा विकार किती पसरला आहे याची कल्पना यावी. साधारणपणे स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जायला हवीत. ज्या विद्यार्थ्याची दोनच जातात, त्याला दंतवैद्याकडे पाठवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे हुंगण्याचे पदार्थ: सोल्यूशन, थिनर, खोडरंग म्हणजे व्हाइटनर, पेट्रोल. हे स्वस्त असतात, दुकानात सहज मिळतात आणि घरातही असतात. बाटलीतील व्हाइटनर आणि थिनर यांच्या किरकोळ विक्रीवर केंद्र सरकारने २०१२ मध्ये निर्बंध घातले ते याच कारणाने. दिल्लीच्या 'एम्स'ने केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एक गोष्ट ठळकपणे दिसली. दारू, गांजा, अफू या सर्वांचे प्रमाण मोठ्यांमध्ये जास्त होते. फक्त हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त होते. मुलांमध्ये १.१७ टक्के, तर मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के. या सवयीपायी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार असावीत, असा अंदाज त्यात दिला आहे. मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त ग्रासणारे व्यसन हे एवढेच.

पाठलाग का करू नये?

सोल्यूशन आणि थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रावणे असतात. ती फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून काही सेकंदांत मेंदूत पोचतात. वारंवार घेतल्यास मेंदूतील तोल सांभाळणारा भाग आणि पांढरे तंतू झिजतात, अक्षर थरथरते, चाल बिघडते. मूत्रपिंडावर परिणाम होऊन रक्तातील पोटॅशियम घटते आणि हातापायांतील शक्ती एकाएकी जाऊ शकते.

पण सर्वांत मोठा धोका हृदयाला असतो. ही द्रावणे अंगात असताना हृदय ॲड्रिनॅलिन या द्रव्याला फार हळवे होते. भीती वाटली, धावपळ झाली, मारामारी झाली की शरीरात हेच द्रव्य उसळते. अशा वेळी हृदयाचे ठोके अनियमित होऊन ते एकदम बंद पडू शकते. अमेरिकेतील मिलार्ड बास या डॉक्टरांनी १९७० मध्ये अशा ११० तरुण मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी कित्येक जण हुंगल्यानंतर धावल्यावर किंवा मोठा ताण आल्यावर कोसळले होते. असा मृत्यू पहिल्याच वेळीही येऊ शकतो, त्यासाठी जुने व्यसन असावे लागत नाही.

म्हणून शिक्षकांनी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शाळेच्या शिपाईमामांनी, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. हुंगताना मूल दिसले तर ओरडू नका, त्याच्यामागे धावू नका, मारू नका. शांतपणे जवळ जा, हळू आवाजात नावाने हाक मारा आणि मोकळ्या हवेत बसवा. हातातला रुमाल, पिशवी काढून घ्या. ही द्रावणे पेट घेणारी असल्याने जवळपास काडी, बिडी, शेगडी नको. गुंगीत असेल तर चहा-पाणी पाजू नका, उलटी करवू नका. निदान तासभर त्याला एकटे सोडू नका आणि सायकलवरून घरी पाठवू नका. बेशुद्ध झाल्यास, श्वास चालू असेल तर डाव्या कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल तर उताणे निजवून छातीच्या मधोमध जोराने व भराभर दाब देणे ताबडतोब सुरू करा. हे प्रथमोपचार प्रत्येक शाळेत निदान दोघा-तिघांना तरी यायला हवेत.

आधी ओळखता येईल का?

बहुतेक वेळा येते. जो वर्गशिक्षक रोज हजेरी घेतो, त्याच्याइतका बदल दुसऱ्या कोणाला दिसत नाही. पूर्वी नियमित येणारा मुलगा मधल्या सुट्टीनंतर गायब होऊ लागतो. जुने मित्र सुटतात, वयाने मोठी मुले फाटकाबाहेर त्याची वाट पाहू लागतात. तोंडाला किंवा कपड्याला रसायनाचा वास, नाकाभोवती लाल पुरळ, बोटांवर डाग, दुपारी पेंगणे, अक्षर बिघडणे, भूक मंदावणे, वर्गात बारीकसारीक पैसे चोरीला जाणे ही लक्षणे असू शकतात.

मात्र येथे एक इशारा दिलाच पाहिजे. यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे मूल व्यसनी झाले, असे मुळीच नव्हे. पेंगणारे मूल उपाशी असेल, त्याच्या अंगात रक्त कमी असेल, रात्री ते आईबरोबर कामाला जात असेल. गप्प झालेल्या मुलाच्या घरी भांडणे चालू असतील, कोणी त्याच्यावर अत्याचार करीत असेल. संशय आला की लगेच शिक्का मारू नये, चौकशी करावी. शिक्का चुकीचा निघाला तरी पुसला जात नाही.

काय बोलावे?

पहिले बोलणे एकांतात, पण दार उघडे ठेवून. मूल गुंगीत असताना नव्हे, दुसऱ्या दिवशी. 'तू असे का केलेस?' हा प्रश्न बहुतेक शिक्षक प्रथम विचारतात आणि त्याला उत्तर मिळत नाही, कारण ते मुलालाही ठाऊक नसते. त्याऐवजी जे पाहिले तेवढेच सांगावे. 'बाळा, गेल्या महिन्यात तू नऊ दिवस आला नाहीस. काल तू मागे बसला होतास, तुला उभेही राहता येत नव्हते. मला तुझी काळजी वाटते. मला सांग, काय चालले आहे?' आणि मग गप्प बसावे. पाच मिनिटे तो बोलला नाही तरी चालेल. आज बोलला नाही, तर चार दिवसांनी पुन्हा बोलवावे.

'कोणाला सांगणार नाही' असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. 'तुझ्या मदतीसाठी ज्यांना सांगावे लागेल, त्यांनाच सांगीन आणि आधी तुला विचारीन', एवढे खरे आश्वासन पुरे असते. परिपाठाच्या वेळी नाव घेणे, वर्गात टोमणे मारणे, इतर मुलांना 'त्याच्याजवळ बसू नका' म्हणणे यांमुळे चांगले मित्र दूर जातात आणि उरतात ते फक्त फाटकाबाहेरचे.

पालकांना सांगायचे की नाही? सांगायचेच. पण शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवून नव्हे. आई-वडील दोघांना बोलवावे, खुर्ची द्यावी आणि आधी मुलातल्या एखाद्या चांगल्या गोष्टीने सुरुवात करावी. वडील घरी पट्टा काढतील अशी शंका असेल, तर तसे करू नका हे स्पष्ट सांगावे. कधी कधी व्यसनाची सुरुवात घरातच झालेली असते. वडील स्वतः दारू पितात, मुलालाच पानठेल्यावर पाठवतात. अशा वेळी आई, आजी, मामा, जो कोणी मुलाला धरून राहील त्याला हाताशी घ्यावे.

उपचार कोठे?

हुंगण्याच्या सवयीवर एखादी जादूची गोळी नाही. डॉक्टर मुलाची तपासणी करतात, मूत्रपिंड, यकृत, हृदय यांना इजा झाली आहे का ते पाहतात, सोबत उदासीनता किंवा दुसरा मानसिक आजार असल्यास त्यावर औषध देतात. मुख्य उपचार समुपदेशनाचा, आणि तो काही महिने चालतो. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ या क्रमांकांवर फोनचे पैसे पडत नाहीत. हे तीन आकडे शिक्षकांच्या खोलीत लिहून लावावेत.

उपचारानंतरही मूल पुन्हा घसरू शकते. पुण्याचे 'मुक्तांगण' हे केंद्र डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केले. व्यसन हा गुन्हा नसून आजार आहे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या मनावर बिंबविण्यात या केंद्राचा वाटा मोठा आहे. मधुमेह्याची साखर एकदा वाढली म्हणून आपण त्याला दवाखान्यातून हाकलून देत नाही. व्यसनाच्या बाबतीतही तीच दृष्टी हवी.

कायदा कोणाच्या बाजूने?

पुष्कळ मुख्याध्यापक पोलिसांच्या आणि बदनामीच्या धास्तीने दाखल्याचा मार्ग धरतात. कायदा त्यांना तसे सांगत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईतो मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि त्याला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळही करता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याने अमली पदार्थांच्या नादी लागण्याचा धोका असलेल्या मुलाला 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक' म्हटले आहे. घरी आधारच नसेल, तर अशा मुलाला बालकल्याण समितीपुढे नेता येते.

कायद्याचा बडगा आहे तो विकणाऱ्यांवर. याच कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूचे पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी केली आहे. तेव्हा मुख्याध्यापकांनी पोलिसांना पत्र जरूर लिहावे, पण ते फाटकासमोरच्या ठेल्याबद्दल लिहावे, मुलाबद्दल नव्हे. एकट्याने लिहिण्यास संकोच वाटत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून पाठवावे.

नागपूरच्या एका शिक्षकाचे उदाहरण

शिक्षक एवढे सगळे करू शकेल का, असे कोणी विचारील. त्यांना नागपूरच्याच विजय बारसे सरांची आठवण करून द्यावीशी वाटते. बारसे सर हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. २००१ च्या सुमारास एका पावसाळी दिवशी झोपडपट्टीतील काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळत असलेली त्यांनी पाहिली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला. ही मुले जोवर मैदानावर असतात तोवर वाईट सवयींपासून दूर राहतात, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. पहिल्याच स्पर्धेला शंभरावर संघ आले. पुढे त्यांची मुले बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोचली, २०१६ मध्ये 'स्लम सॉकर' या त्यांच्या संस्थेला 'फिफा'चा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये आलेला 'झुंड' हा चित्रपट त्यांच्याच कार्यावर आधारलेला आहे.

चित्रपट निघाला म्हणून नव्हे, तर आरोग्याच्या दृष्टीने त्यातील एक साधी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आधी व्यसन सोडा, मग चेंडू मिळेल, अशी अट या शिक्षकाने घातली नाही. चेंडू आधी दिला. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ हा मुलांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो. आई-वडील कामावरून आलेले नसतात आणि करण्यासारखे काही नसते. तेवढा वेळ शाळेचे मैदान उघडे ठेवले आणि एखादा शिक्षक आठवड्यातून तीन दिवस तेथे उभा राहिला, तरी पुष्कळ काम होते. अर्थात, नुसत्या खेळाने जुने व्यसन सुटत नाही, त्याला उपचारच लागतो. पण उपचार सुरू असताना मुलाला जाण्यासाठी एक चांगली जागा लागते, ती मैदान देते.

भाषणांचा मात्र फार उपयोग होत नाही. वर्षातून एकदा पाहुणा बोलावून सडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखविली की आपले कर्तव्य संपले, असे पुष्कळांना वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये जगभरचे संशोधन तपासून मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. नुसती माहिती देणे आणि भीती घालणे यांनी मुले व्यसनापासून दूर राहत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मित्राने आग्रह केला तर 'नाही' कसे म्हणावे, राग आला तर काय करावे, याचा वर्गात वारंवार सराव करून घेणे उपयोगी ठरते. कोणता पदार्थ कसा घेतात याचे वर्णन तर वर्गात मुळीच करू नये. ज्यांना ते ठाऊक नसते, त्यांनाही त्यातून कुतूहल वाटू लागते.

आपल्या खिशातली पुडी

शेवटी एक कटू गोष्ट. गालात खर्रा धरून फळ्यावर लिहिणारे शिक्षक आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. 'जा रे, ठेल्यावरून एक घोटून आण', असे विद्यार्थ्याला सांगणारेही आहेत. त्या मुलाला ठेल्याची वाट शिक्षकानेच दाखविलेली असते. स्वतःची सवय सुटत नसेल, तर १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्ती क्रमांकावर फोन करावा, आणि मुलांना तसे मोकळेपणाने सांगावे. 'मलाही हे लागले आहे, मी सोडण्याचा प्रयत्न करतो आहे', असे सांगणाऱ्या शिक्षकाचे बोलणे मुले ऐकतात.

व्यसनात अडकलेल्या मुलाभोवतीची माणसे एकेक करून कमी होत जातात. मित्र जातात, शेजारी दार लावून घेतात, घरचे कंटाळतात. रोज सकाळी त्याचे नाव घेऊन हाक मारणारा हजेरीपटावरचा आवाज तेवढा शेवटपर्यंत उरतो. दाखला दिला की तोही बंद होतो. तेव्हा शिक्षकबंधू-भगिनींनो, अशा मुलाचे नाव हजेरीपटावरून काढू नका. तो आला नाही तर त्याच्या घरी निरोप पाठवा, आणि आला की 'ये, बस' म्हणा.